जपानी पुरुष लेखकांच्या कादंबऱ्यांतल्या बायका: स्त्रीवादाने काही फरक पडला का?

मकरपुऱ्याचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

बडोद्यातली आम्ही काही मराठी टाळकी महिन्यातल्या एका रविवारी दांडियाबाजारात एकाच्या घरी जमतो, एखाद्या पुस्तकावर वाद घालतो आणि मग सेवउसळ खायला बाहेर पडतो. (काहीजण उसळीसाठीच येतात, पण ते असो.) या खेपेला जपानी कादंबरी ठरली. मी मुराकामीचं 'नॉर्वेजियन वुड' पुढे केलं, कारण माझं जपानी वाचन तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं.

माझ्या आधी ते बायकोने वाचून काढलं. ती पेन्सिल घेऊन वाचते. नाओको येते तिथे समासात लिहिलंय, 'ही दिवसभर करते काय?' पुढे बरीच प्रश्नचिन्हं. एका प्रसंगाशेजारी नुसतंच 'शी'. मिदोरी मात्र नव्या ब्राचे पैसे ऑम्लेटच्या तव्यात घालते आणि तीन महिने एकाच ब्रावर काढते, तिथे ठसठशीत बरोबरची खूण आणि 'ही खरी'. शेवटच्या कोऱ्या पानावर निकाल: 'यातल्या बायका एक तर मरतात नाही तर याच्याशी झोपतात. मधल्या वेळात कुणाला काही उद्योग नाही.'

बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं. आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो, जपानात स्त्रीवाद पोचलाच कुठे? तिथल्या पुरुषांच्या लेखनात बाई म्हणजे गेशा, नाही तर भूत." सगळे हसले. बायको हसली नाही. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "पोचला नाही हे त्यांना कुणी सांगितलं? विचार ना कुणाला तरी नीट." म्हणून विचारतोय.

जपानात स्त्रीवादी चळवळ केव्हापासूनची? पुरुष कादंबरीकारांवर तिचा परिणाम झालेला दाखवता येतो का, की आपणच आजचा चष्मा लावून जुनी पुस्तकं तपासतोय? आणि मुराकामीच्या आधीचं काय वाचावं? पुढच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं बोलायचंय. इंग्रजी भाषांतर चालेल.


तटस्थ_वाचक

कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी. 'ही दिवसभर काय करते' हेच बघायचं असेल तर रेशनकार्ड वाचा, त्यात व्यवसायाचा रकाना असतो. कावाबाताच्या 'स्नो कंट्री'तली कोमाको ही गेशाच आहे, तरी जगातल्या कुठल्याही नायिकेशेजारी उभी राहील. एकटीच बर्फाळ डोंगरांना ऐकवत सामिसेनचा (तिथलं तीन तारांचं वाद्य) रियाज करते ते प्रकरण वाचा. १९६८ चं नोबेल उगाच नाही दिलं. तिथे स्त्रीवादाची फूटपट्टी लावून हाती काय लागणार?


कोर्टवाल्या_बेन

मेकॅनिकलभाऊ, बायकोला माझा नमस्कार सांगा. समासात लिहिणारी माणसं मला फार आवडतात.

माझी ओळख एवढीच की सगळी नोकरी मी कोर्टात स्टेनो म्हणून काढली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलणार, साहेब त्याचं सार करून सांगणार, मी टाइप करणार. एकदा एक बाई बराच वेळ सांगत होती, की नवरा गव्हाचा डबा कुलपात ठेवतो, रोजचं पीठ मोजून काढून देतो, पाहुणे आले तरच वाटीभर जास्त. वाटी केवढी ते हाताने दाखवत होती. कागदावर उतरलं ते एक वाक्य: 'मारे मारा पति साथे मनदुःख थयेल.' त्यात खोटं काही नव्हतं. कुलूप गेलं, वाटी गेली, बाई गेली. खाली अंगठा मात्र तिचाच.

निवृत्तीनंतर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून जपानी कादंबऱ्या आणायला लागले तेव्हा डोक्यात हेच होतं, की जबानी कुणाची आणि लिहून कोण घेतंय. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथूनच निघतं. स्त्रीवादामुळे जपानी लेखक एकाएकी सज्जन झाले असं काही मला दिसलं नाही. ज्यांच्यावर लिहिलं जात होतं त्या बायका उलट बोलायला लागल्या, हे मात्र दिसलं. आणि त्यातलं काही काही पुरुषांना आपल्या पुस्तकात घ्यावं लागलं.

'पोचलाच नाही' म्हणणाऱ्या काकांना १९११ हे साल सांगा. त्या सप्टेंबरात टोकियोत 'सेइतो' नावाचं मासिक निघालं, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं. पहिल्याच अंकात हिरात्सुका राइचोने लिहिलं की मुळात स्त्री सूर्य होती, आता ती दुसऱ्याच्या उजेडावर चमकणारा फिकट चंद्र झाली आहे. त्याच वर्षी तिथे इब्सेनचं 'डॉल्स हाउस' रंगमंचावर आलं आणि लगेच जानेवारीत या मंडळींनी नोरावर, म्हणजे नवऱ्याचं घर सोडून जाणाऱ्या त्या नाटकाच्या नायिकेवर, विशेष मजकूर काढला. पुढे सरकारने काही अंकांवर बंदी घातली. मासिक १९१६ पर्यंत टिकलं. त्याची शेवटची संपादक इतो नोए, हिला १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतरच्या गोंधळात लष्करी पोलिसांनी ठार मारलं. जी गोष्ट देशात पोचलीच नाही तिला इतकं कोण घाबरतं?

(अवांतर: १९११ सालीच आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंचं हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढे १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. सुरसागरावरून रोज ये-जा करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून मध्येच घुसडलं.)

आता खरी गंमत. ही राइचो मासिक काढायच्या आधीच एका कादंबरीत अडकलेली होती. मोरिता सोहेई हा तेव्हाच्या नामवंत कादंबरीकाराचा, नात्सुमे सोसेकीचा शिष्य, बायको असलेला. १९०८ च्या मार्चमध्ये तो आणि राइचो जीव द्यायचा म्हणून शिओबाराच्या बर्फातल्या डोंगरात गेले. दिला नाही, दोघांना सुखरूप परत आणण्यात आलं. युनिव्हर्सिटीत शिकलेली, चांगल्या घरातली मुलगी, त्यामुळे वर्तमानपत्रांना सणच. दुसऱ्या वर्षी मोरिताने त्यावर 'बाइएन' ही कादंबरी लिहिली, सोसेकीच्या वशिल्याने ती 'असाही' वर्तमानपत्रात क्रमशः आली. त्यात ती थंड, गूढ, पुरुषाला मृत्यूकडे ओढणारी अशी रंगवली आहे. राइचोला ते चित्र मान्य नव्हतं आणि तिने पुढे स्वतःच्या आठवणींत आपली बाजू मांडली. क्रम बघा. आधी ती एका पुरुषाच्या कादंबरीतलं कोडं झाली, मग तिने स्वतःचं मासिक काढलं.

याच्या जरा आधी, १९०७ मध्ये तायामा काताईची 'फुतोन' आली. मध्यमवयीन लेखक, त्याच्याकडे शिकायला आलेली तरुण मुलगी, ती घरी परत गेल्यावर हा तिच्या अंथरुणात तोंड खुपसून वास घेत रडतो. काय हा प्रामाणिकपणा, म्हणून जपानी साहित्यात केवढं कौतुक झालं त्याचं! जिच्यावरून ती बेतली ती ओकादा मिचियो खरी होती, लिहिती होती, आणि तिनेही नंतर आपली बाजू छापली. २००३ मध्ये नाकाजिमा क्योकोने 'फुतोन' नावानेच कादंबरी लिहून त्या लेखकाच्या बायकोला बोलतं केलं. अंथरुणं घालणारी आणि काढणारी ती, तिच्याकडे शंभर वर्षं कुणाचं लक्ष नव्हतं.

सोसेकी स्वतः या सगळ्याच्या मध्यभागी. 'सान्शिरो'तल्या मिनेकोवर राइचोची सावली आहे असं बरेच अभ्यासक मानतात. १९१४ च्या 'कोकोरो'त सगळ्या पुस्तकाचं रहस्य ज्या बायकोभोवती फिरतं तिला शेवटपर्यंत काही कळू द्यायचं नाही अशी नवऱ्याची लेखी विनंती आहे. तिला समन्सच निघत नाही. आणि दोनच वर्षांनी, मरताना अर्धी राहिलेल्या 'लाइट अँड डार्कनेस'मध्ये तोच सोसेकी ओनोबू नावाच्या नव्या नवरीच्या डोक्यात शिरतो आणि प्रकरणंच्या प्रकरणं तिथेच राहतो. ती नवऱ्यावर लक्ष ठेवते, सासरच्यांचे डाव ओळखते, स्वतःशी खोटं बोलते. मासिक वाचून त्याने ओनोबू लिहिली असं मी म्हणणार नाही. पण मधल्या वर्षांत नोरा आणि 'सेइतो' टोकियोत घरोघरी चघळून झाले होते.

तानिझाकीची 'नाओमी' १९२४ ची. तुम्ही इंजिनियर म्हणून मुद्दाम सांगते, नायकही इंजिनियरच. जोजी, वय २८, पगार बरा, नाकासमोर चालणारा. कॅफेतली पंधरा वर्षांची पोर घरी आणतो. इंग्रजी शिकवू, संगीत शिकवू, फॅशनेबल मॅडम घडवू असा बेत. ती घडते आणि याच्या बोकांडी बसते. ओसाकाच्या वर्तमानपत्रात चाललेली ही कादंबरी मध्येच बंद झाली, उरलेली एका मासिकातून पुरी केली. तरुण मुलींमध्ये नाओमीसारखं वागायची लाट आली. तानिझाकीला बायकांच्या हक्कांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. रस्त्यावर नवी बाई दिसायला लागली, तिची त्याला हौस वाटली आणि धास्तीही. पण सांगणारा जोजी आहे, आणि सांगता सांगता तो स्वतःच उघडा पडतो. असे साक्षीदार आम्ही रोज पाहायचो.

१९४६ च्या एप्रिलमध्ये जपानी बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं, ३९ जणी निवडून आल्या. दुसऱ्या वर्षी दाझाई ओसामूची 'सेटिंग सन' आली. बुडालेल्या सरदार घराण्यातली काझुको स्वतः गोष्ट सांगते. लग्नाशिवाय एका विवाहित लेखकाचं मूल वाढवायचं ठरवते आणि त्याला क्रांती म्हणते. पुरुषाला बाईचा आवाज इतका अस्सल कसा साधला म्हणून अजून वाहवा चालते. आवाज ओता शिझुकोच्या डायरीतून आलेला आहे. डायरी दाझाईने तिच्याकडून घेतली, त्याच वर्षी तिला त्याच्यापासून मुलगी झाली, आणि १९४८ मध्ये तो मेल्यावर तिने ती डायरी छापून टाकली. निम्मी वाहवा तिच्या पत्त्यावर पाठवायला हवी.

आणि मग शिमाओ तोशिओचं 'स्टिंग ऑफ डेथ'. वर्षानुवर्षं तुकड्यांत छापून १९७७ मध्ये पुरं पुस्तक आलं. नवऱ्याची डायरी बायकोच्या हाती लागते, बाहेरचं प्रकरण कळतं आणि ती प्रश्न विचारायला लागते. रात्र नाही, दिवस नाही. कुठे भेटलास, काय नेलंस, काय म्हणालास, तेव्हा मुलं कुठे होती. तो उत्तर देतो, ती त्यातली विसंगती पकडते, पुन्हा पहिल्यापासून. अख्खी कादंबरी उलटतपासणीची आहे आणि तपासणारा वकील बायको. खऱ्या आयुष्यात ही बायको मिहो, आणि नवऱ्याच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती तीच काढायची. कादंबरीत वेडी आणि टेबलाशी लेखनिक! माझ्याच जातीची. ती स्वतः लेखिकाही होती, तिचं पुस्तक १९७४ मध्येच आलं होतं. काकेहाशी कुमिकोने २०१६ मध्ये मिहोवर मोठं चरित्र लिहून कागदपत्रं उलगडली, तेव्हापासून ही कादंबरी एकट्या शिमाओची म्हणून वाचणं अवघड झालंय.

एक कोर्टातलीच गोष्ट सांगून थांबते. मिशिमाची 'आफ्टर द बँक्वेट' १९६० ची. काझू ही मोठ्या रेस्टॉरंटची मालकीण, म्हातारपणी एका राजकारण्याशी लग्न करते, त्याच्या निवडणुकीत स्वतःचा पैसा ओतते, हरल्यावर नवऱ्याऐवजी धंदा निवडते. फार जिवंत बाई आहे. जिच्यावरून काझू बेतली त्या बाईने कोर्ट गाठलं नाही. नवऱ्याच्या पात्रात स्वतःला ओळखणारे माजी परराष्ट्रमंत्री आरिता हाचिरो मात्र खासगीपणाचा भंग झाला म्हणून कोर्टात गेले आणि १९६४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांना ८ लाख येन मंजूर केले. मिचियो, राइचो, शिझुको यांनी लेखणी उचलली. पुरुष दुखावला तो वकील करून आला.


फतेगंज_हॉस्टेल

बेन, हे सगळं एकदम वाचून काढलं, मेस चुकली. पण तानिझाकीला तुम्ही स्वस्तात सोडलंत. मुलगी पंधरा वर्षांची आहे! सांगणारा स्वतःचं हसं करून घेतो म्हणून वाचक त्याच्यावर खूश, आणि नाओमीला आपण कधी ऐकतच नाही. ती घरातून कशी आली, तिच्या घरच्यांनी एवढ्या सहज कसं सोडलं, हे दोन पानांत उरकलंय.

मुराकामीबद्दल मी सांगते, माझा विषय आहे.

१९९२ मध्ये चिझुको उएनो, चिकाको ओगुरा आणि ताएको तोमिओका या तिघींचं 'दान्र्यू बुंगाकुरोन' (साधारण 'पुरुषी वळणाच्या साहित्यावर') आलं. एक समाजशास्त्रज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ, एक कवयित्री-कादंबरीकार. तिघी बसून सहा नामवंत पुरुषांच्या पुस्तकांवर मोकळेपणी बोलतात: योशियुकी जुन्नोसुके, शिमाओ, तानिझाकी, कोजिमा नोबुओ, मुराकामी, मिशिमा. बायकांच्या लेखनाचा तोपर्यंत वेगळा कप्पा असायचा, 'बायकी वळणाचं साहित्य' म्हणून. यांनी पुरुषांचाही तसाच कप्पा केला. जड परिभाषा नाही, 'हे मला पटतच नाही', 'हा माणूस इतका स्वतःतच का?' असं चालतं. पुष्कळ समीक्षक चिडले. मेकॅनिकलच्या बायकोने पेन्सिलीने केलं ते या तिघींनी पुस्तकभर केलंय.

'नॉर्वेजियन वुड' १९८७ चं. नोकरीतल्या समान संधीचा कायदा त्याच्या आदल्या वर्षी लागू झाला होता. ऑफिसांची दारं कायद्याने उघडत होती तेव्हा देशातली सगळ्यात खपाची नायिका डोंगरातल्या आरोग्यधामात होती. गोष्ट १९७० च्या आसपासची आहे हे माहितीये, तरी.

पुढचा टप्पा २०१७. मिएको कावाकामी, आकुतागावा हे जपानातलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालेली कादंबरीकार, मुराकामीची लहानपणापासूनची वाचक. तिने त्याच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांचं पुस्तक झालं. त्यात ती तोंडावर विचारते की तुमच्या कादंबऱ्यांत बायका नायकाला पलीकडे पोचवण्यासाठी इतक्या वेळा का वापरल्या जातात, आणि ते पोचवणं इतक्या वेळा शरीरातूनच का. त्याचं म्हणणं साधारण असं की मला माणसांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या जगाशी असलेल्या नात्यात रस आहे, असा साचा मी ठरवून केलेला नाही. ती तेवढ्यावर सोडत नाही, पुन्हा विचारते. आदर आहे म्हणून विचारते, हे वाचताना जाणवतं.

तीच कावाकामी त्याच्या 'स्लीप' या कथेचं मनापासून कौतुकही करते. १९८९ ची कथा. दाताच्या डॉक्टरची बायको, एक मुलगा, सगळं सुरळीत. एक दिवस तिची झोप उडते ती उडतेच. सतरा दिवस. घर झोपलं की ही सोफ्यावर ब्रँडी आणि चॉकलेट घेऊन 'अॅना कॅरेनिना' वाचते. लग्नाआधी वाचायची, नंतर कधी सुटलं कळलंच नाही. नवरा आत गाढ झोपलेला असतो, त्याला पत्ता नाही. सगळी कथा तिच्या तोंडून. 'नॉर्वेजियन वुड'नंतर दोनच वर्षांत लिहिलीये. म्हणजे येत होतं की त्याला!


तटस्थ_वाचक

म्हणजे आता लेखकाने घरातल्या, शेजारच्या, पुस्तकातल्या सगळ्या बायकांची एनओसी घेऊनच लिहायचं का? बायको काय म्हणेल या धाकाने लिहिलेली कादंबरी मचूळच होणार. आणि बेन, कोमाकोबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.


कोर्टवाल्या_बेन

काढते ना.

कोमाकोवर माझाही जीव आहे. सामिसेनचं प्रकरण तुम्ही सांगितलंत. त्याच्या आसपास आणखी एक जागा आहे. ती शिमामुराला सांगते की पंधरा-सोळाची असल्यापासून वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची नोंद तिने ठेवली आहे. लेखक कोण, पात्रं कोण, त्यांची एकमेकांशी नाती काय. वह्यांचा ढीग झालाय. तो म्हणतो, वाया मेहनत. ती म्हणते, हो, वायाच. बर्फाच्या गावात एकटी बसून वह्या भरणारी ही बाई कावाबाताने बघितली, हे त्याचं मोठेपण. वही मात्र त्याने उघडली नाही. मला ती वही वाचायची होती हो. याला तुम्ही फूटपट्टी म्हणा.

फतेगंज, पंधरा वर्षांचा मुद्दा वजनदार आहे आणि बैठकीत तोच आधी मांडायला हवा. मी तानिझाकीला सोडलेलं नाही. आरोपीने घडाघडा सगळं सांगितलं म्हणून तो निर्दोष ठरत नाही, जबानी तेवढी उपयोगाची ठरते. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्येच विचारलं होतं की पुरुषांनी आपले सगळे दोष बायकांच्या माथी का मारावेत. 'नाओमी' त्या प्रश्नासमोर ठेवून वाचा, जोजी कुठे कुठे तिच्या माथी मारतो ते रेघा ओढून दाखवता येईल.

आता एनओसी. ओए केन्झाबुरो, १९९४ चं नोबेल. याची सुरुवातीची पुस्तकं पुरुषांच्या देहाची आणि रागाची, त्यांत बायका बहुधा कोपऱ्यात. घरात मेंदूचं अपंगत्व असलेला मुलगा. त्याच्यावर तो आयुष्यभर लिहीत राहिला, बाप म्हणून. १९९० मध्ये 'अ क्वाएट लाइफ' लिहिलं तेव्हा सांगायला बसवली मुलीला. आईबाप अमेरिकेत गेलेत, मागे भावाला ही सांभाळते, आणि थोर लेखक बापाबद्दल जपून, पण चुकवून न जाता बोलते. माझ्या मते तिथे काहीतरी हललं.

शेवटची कादंबरी २०१३ ची, 'बान्नेन योशिकिशू'. म्हाताऱ्या लेखकाची बहीण, बायको आणि मुलगी तिघी मिळून लिहायला बसतात. तुझ्या कादंबऱ्यांत आमच्याबद्दल जे एकतर्फी लिहीत आलास ते असं नव्हतं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते त्याच पुस्तकात छापलंय. लिहिणारा शेवटी ओएच, हे कबूल. तिघींची वाक्यंही त्याचीच. तरी सत्तरी ओलांडलेला, नोबेल मिळालेला माणूस आपल्या सगळ्या जुन्या पुस्तकांवर घरातल्या बायकांच्या हरकती नोंदवून घेतो. एनओसी कुठे घेतली त्याने? हरकत रेकॉर्डवर घेतली. आणि मचूळ म्हणाल तर त्याच्या म्हातारपणच्या पुस्तकांत ताव आहे तो या भांडणांमुळेच.

मेकॅनिकलभाऊ, 'आजचा चष्मा' म्हणालात त्याबद्दल थोडं. राइचोने १९०९ च्या कादंबरीतलं चित्र नाकारलं ते आपल्या कितीतरी आधी. शिझुकोने डायरी छापली ती १९४८ ची. हरकती जुन्याच आहेत, आपल्याकडे पोचायला उशीर झाला एवढंच.


मकरपुऱ्याचा_मेकॅनिकल

बेन, फतेगंज, तटस्थराव, तिघांचेही आभार. बायकोने फोनवरच सगळं वाचलं. मिहोपाशी थांबून म्हणाली, "आता हे आण." मी घाबरलोय, ते निराळं.

पण एवढं पंधरा मिनिटांत बसणार कसं? आणि सुरुवात 'स्टिंग ऑफ डेथ'ने केली तर आमची बैठक फुटेल. सगळ्यांना एकत्र वाचता येईल असं एकच नाव सांगा.


फतेगंज_हॉस्टेल

'स्लीप'. छोटी आहे, 'द एलिफंट व्हॅनिशेस' या संग्रहात मिळेल. ज्येष्ठ काकांनाही एका बसणीत होईल.


कोर्टवाल्या_बेन

भाषणात फक्त राइचो आणि मोरिताची गोष्ट सांगा, बाकीचं प्रश्नोत्तरांत येईल. तटस्थराव तुमच्या बैठकीत असतील तर आणखीच येईल.

पुस्तक मात्र मी तानिझाकीचंच सांगणार, फतेगंज रागावली तरी. 'द माकिओका सिस्टर्स', सायडेनस्टिकरचं भाषांतर. ओसाकाच्या जुन्या व्यापारी घरातल्या चार बहिणी. तिसरीचं लग्न जमत नाही आणि चौथी तिच्यामुळे अडकलीये. स्थळं येतात, मध्यस्थ येतात, जेवणं होतात, मुलीच्या डोळ्याच्या कडेला एक डाग दिसतो-नाहीसा होतो त्यावर कुजबुज चालते. थोरल्या घराची परवानगी हवी, धाकट्या घराला घाई. दांडियाबाजारातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात हेच चालायचं, फक्त कांदेपोहे नाहीत. चौथी ताएको बाहुल्या करून स्वतः कमावते, शिवण शिकते, नको त्याच्या प्रेमात पडते. तिची किंमतही तीच मोजते, आणि तानिझाकी ते लपवत नाही. १९४३ मध्ये छपाई सुरू झाली आणि लष्कराने बंद पाडली. युद्ध चालू असताना बायकांचे किमोनो आणि स्थळं यांत पानं कसली घालवता, असा रोख. त्याने गप्प बसून लिहिणं चालू ठेवलं आणि युद्धानंतर पुरं छापलं. पुढारलेली मतं त्यात एकही नाही. तरी सगळं घर बायकांच्या बोलण्यावर चालतं. 'नाओमी'त न ऐकलेल्या बाईची भरपाई होते असं मी म्हणत नाही, पण इथे बायका एकमेकींशी बोलतात, पुरुष खोलीत नसतानाही, आणि त्याच्याबद्दल नसलेलं.

शेवट ऐका, रहस्य वगैरे काही फुटत नाही. तिसरीचं लग्न अखेर जमतं, ती टोकियोच्या गाडीत बसलीये आणि पोट बिघडलंय, जुलाब थांबत नाहीत. संपलं पुस्तक. मराठीत कुणा कादंबरीकाराने ऐन लग्नाच्या तोंडावर नायिकेला जुलाब लावले असतील तर नाव कळवा, मला वाचायचंय.